समुद्राची कामं कोण करणार?

1846 च्या शरदात ॲना थिन नावाची इंग्रज बाई टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेली होती. तिथल्या खडकांत तिला जिवंत प्रवाळ सापडले आणि ते लंडनला घरी न्यायचे असं तिनं ठरवलं. वाटेत भांड्याच्या कडांवर आदळून ते फुटू नयेत म्हणून तिनं सुई-दोरा घेतला आणि ते एका स्पंजाला टाचून टाकले. तिचा नवरा वेस्टमिन्स्टर ॲबीत मोठ्या हुद्द्यावर होता, त्यामुळे घरही तिथलंच. प्रवाळ पोचले, पण लंडनला समुद्र कुठला! बरोबर आणलेलं खारं पाणी संपलं की खेळ संपला. मग तेच पाणी पुन्हा वापरण्याआधी उघड्या खिडकीशी उभं राहून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, दुसऱ्यातून पहिल्यात, अर्धा-पाऊण तास ओतत राहायचं, म्हणजे त्यात हवा मिसळेल, अशी युक्ती निघाली. हे दमवणारं काम घरातल्या एका लहान वयाच्या मोलकरणीनं केलं.

घरातल्या रीफ टँकची, म्हणजे जिवंत प्रवाळांच्या टाकीची कुळकथा मी या मुलीपासून सुरू करतो. बहुतेक इतिहास फिलिप हेन्री गॉस या निसर्गलेखकापासून सुरू होतात. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं, पुढच्या वर्षी गॉसचं पुस्तक आलं आणि घरोघरी काचपेट्यांचं वेड पसरलं, हे खरंच आहे. त्याही आधी, 1832 पासून, सिसिलीतल्या मेसिना इथे जान व्हिलप्रो-पॉवर ही फ्रेंच संशोधक कागदी शिंपल्याच्या आर्गोनॉट या समुद्री जीवाचा अभ्यास करत होती आणि त्यासाठी काचेच्या टाक्या बनवत होती. पण समुद्रापासून दूर, तेच तेच पाणी वापरून प्रवाळ जगवायचा हा पेच पहिल्यांदा सुटला तो ॲना थिनच्या घरात. काच ही नजरेची सोय. प्रवाळाला लागतं ते समुद्र चोवीस तास करत असलेलं काम: पाणी हलवणं, धुणं, चुना पुरवणं, उजेड देणं. या कुळकथेतल्या प्रत्येक पिढीनं त्यांतलं एकेक काम उचललं.

1847 च्या वसंतात ॲनानं आणखी एक पाऊल टाकलं. टॉर्कीहून तिनं जिवंत समुद्रशेवाळ धरलेले दगडांचे, शिंपल्यांचे, पाटीच्या दगडाचे तुकडे मागवले आणि पाण्यात सोडले. ज्याला आज टाकीवाले ‘लाइव्ह रॉक’ म्हणतात, त्याच्या अगदी जवळची ही गोष्ट. तिनं हे सगळं लिहून छापलं ते मात्र 1859 मध्ये, शौकाची लाट येऊन गेल्यावर.

मग पुढची शंभर वर्षं घरात प्रवाळ का दिसत नाहीत? कारण ॲनाचे प्रवाळ थंड पाण्यातले, एकेकटे, पेल्याच्या आकाराचे. ते समोर आलेलं भक्ष्य खाऊन जगतात, त्यांना उन्हाची गरज नसते, म्हणून लंडनच्या अंधाऱ्या हवेत ते तगले. उष्ण समुद्रात भिंती उभारणारा प्रवाळ वेगळा. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. म्हणजे प्रवाळ हा प्राणी खरा, पण त्याचं पोट बरंचसं उन्हावर चालतं. हे नातं विसाव्या शतकात नीट उलगडत गेलं. तोवर प्रवाळ आणायचे, ते पांढरे पडायचे आणि मरायचे.

एकोणिसाव्या शतकातला एक माणूस मात्र इथे थांबून पाहण्यासारखा आहे: विल्यम आल्फर्ड लॉइड. लंडनमध्ये तो समुद्री जीव आणि समुद्राचं पाणी विकायचं दुकान चालवायचा. पुढे 1864 मध्ये हॅम्बुर्गचं, 1871 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचं मत्स्यालय त्यानं उभं केलं. त्याची समज अशी की दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा न दिसणारं पाणी महत्त्वाचं. टाक्यांच्या खाली त्यानं प्रचंड अंधारा हौद बांधला आणि वाफेच्या बळावर पाणी सतत वर चढवलं, खाली पाडलं. अंधारात शेवाळ माजत नाही, पाणी थंड राहतं, आणि साठा मोठा असला की घाणीचा परिणाम पातळ होतो. आज घरात मोठी टाकी बांधणारा खालच्या कपाटात जो ‘संप’ बसवतो, तो लॉइडच्या हौदाचाच वंशज. दिवाणखान्यातली टाकी पाहायला येणाऱ्यांनी आधी खालचं दार उघडून पाहावं, असं मला मनापासून वाटतं. टाकीवाल्याची हुशारी तिथे कळते.

आपल्याकडे मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये उघडलं. समुद्राकाठच्या मत्स्यालयाला पाणी दारात मिळतं. न्यू कॅलेडोनियातल्या नुमेआ इथे रने कताला या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1956 मध्ये याच बळावर जिवंत प्रवाळांचं मत्स्यालय सुरू केलं: खाजणातून पाणी आत, वापरून परत बाहेर. खोल पाण्यातले प्रवाळ अतिनील दिव्याखाली हिरवे-केशरी पेटून उठतात हे त्यानं तिथेच जगाला दाखवलं. आजच्या टाक्यांत रात्री जो निळा दिवा लावतात, त्यामागे हेच आकर्षण आहे.

समुद्र दारात नसलेल्या घरासाठी दिशा दाखवली ती जकार्तातल्या ली चिन एंग यांनी. 1961 मध्ये एका अमेरिकन मासिकात त्यांनी आपली पद्धत मांडली. त्या काळी टाकीत खडे पसरून त्याखालून पाणी ओढणारी गाळणी सर्रास वापरत. लींनी गाळणीच ठेवली नाही. रीफवरचे जिवंत दगड, खरं समुद्रपाणी, खिडकीतलं ऊन आणि हवेचे बारीक बुडबुडे, एवढंच. दगडाच्या पृष्ठावरचे जिवाणू माशांच्या विष्ठेतला अमोनिया मोडून नायट्रेट करतात. त्याच दगडाच्या आतल्या, प्राणवायू न पोचणाऱ्या पोकळ्यांतले जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. धुण्याचं काम दगडावर सोपवलं गेलं. ॲना थिनच्या दगडांनंतर एकशे चौदा वर्षांनी ही वाट पुन्हा सापडली.

त्याच दशकात टाकीचं अंगही बदललं. पूर्वीच्या पेट्या धातूच्या चौकटीत बसवलेल्या असत. खाऱ्या पाण्यानं चौकट गंजे आणि धातू पाण्यात उतरे. प्रवाळासारख्या जिवाला तो विषच. सिलिकॉन आल्यावर काचेला काच चिकटवता येऊ लागली, चौकट गेली. पुड्यातलं कृत्रिम समुद्री मीठही याच सुमारास बाजारात आलं, आणि पुण्या-नागपूरसारख्या समुद्र नसलेल्या शहरांतही हा शौक शक्य झाला.

पण रीफ टँक म्हणून आज जी ओळखतो ती मुख्यतः जर्मन शौकिनांनी घडवली. समुद्र लांब, पाणी महाग, म्हणून आहे ते पाणी राखण्यावर त्यांनी डोकं चालवलं. त्यांच्या हाती दोन गोष्टी आल्या. पहिली ‘प्रोटीन स्किमर’: उभ्या नळकांड्यात पाण्यातून असंख्य बारीक बुडबुडे सोडायचे, सेंद्रिय मळ बुडबुड्यांना चिकटून फेस होऊन वर चढतो आणि वाटीत साचतो. मळ कुजून अमोनिया होण्याआधीच बाहेर. दुसरी गोष्ट तर आपल्या आजीलाही ठाऊक होती: चुन्याची निवळी. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतो, त्यामुळे बंद टाकीत कॅल्शियम आणि क्षारता सतत घटत जाते. पीटर विल्केन्स यांनी 1973 च्या पुस्तकात यावर निवळी देण्याचा उपाय मांडला. ती जहाल अल्कली असते, म्हणून थेंबथेंब द्यायची आणि शक्यतो रात्री, पाण्याचा सामू उतरलेला असतो तेव्हा.

लाइव्ह रॉक, स्किमर, निवळी आणि प्रखर दिवे या मेळाला पुढे ‘बर्लिन पद्धत’ म्हणू लागले. त्यात डीट्रिख श्ट्यूबर यांचं नाव मी आदरानं घेतो. 1980 च्या दशकात त्यांच्या टाकीत ॲक्रोपोरा जातीचा शाखाळ प्रवाळ भराभर वाढू लागला. तोवर तो टाकीत जगतच नाही असा समज होता. श्ट्यूबर यांनी त्याच्या फांद्या मोडल्या आणि इतर शौकिनांना दिल्या. गुलाबाची छाटणी शेजारी लागावी तशी ती लागली, हाताहातानं युरोपभर पसरली, मग अमेरिकेत गेली. आज तुकडे लावून प्रवाळ वाढवण्याचा जो मोठा उद्योग आहे, त्याच्या मुळाशी ही देवघेव आहे. समुद्रातून नवा प्रवाळ न तोडता शौक चालू शकतो, हे तिथे सिद्ध झालं.

अमेरिकेत 1986 मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखांनी घरगुती छोट्या रीफचं वेड लावलं. त्यांच्या पद्धतीतली ठिबकणारी गाळणी पुढे मागे पडली, कारण तिच्यात नायट्रेट साचे. आणि दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला 1987 मध्ये 25 लाख लिटरची प्रवाळ-टाकी उघड्या आभाळाखाली उभी राहिली.

आज घरात हजारभर लिटरची टाकी बांधायची तर हा सगळा वारसा एका कपाटात मावतो: संप, स्किमर, कॅल्शियम-क्षारता मोजून सोडणारे पंप, उलटसुलट लाटा करणारे पंप, एलईडी, आणि मुंबईच्या उन्हाळ्यात पाणी 25-26 अंशांवर ठेवणारं चिलर. पाणीच एक टनाहून जड. काच, दगड, स्टँड वेगळे. आपल्या निवासी इमारतींचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला 200 किलो वापरभार धरून आखलेला असतो, तेव्हा काचवाल्याकडे जाण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जावं. आणि वीज गेली की सगळ्यात आधी संपतो तो प्राणवायू. बॅटरीवरचा हवेचा पंप नसेल तर मग उंचावरून पाणी ओतत राहण्यावाचून गत्यंतर नाही.

या कसबाचं खरं मोल अलीकडे कळू लागलं आहे. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातल्या जेमी क्रॅग्ज आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलं की ऋतूंचं तापमान, दिवसाची लांबी आणि चंद्रकला दिव्यांनी हुबेहूब घडवल्या, तर बंद टाकीतले प्रवाळ ठरल्या वेळी प्रजननपेशी सोडतात. चंद्राचं कामही टाकीवाल्यांनी उचललं. 2019 मध्ये फ्लोरिडा ॲक्वेरियमनं याच वाटेनं अटलांटिकमधल्या खांबी प्रवाळाचं प्रजनन प्रयोगशाळेत घडवून आणलं. 2023 च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाचा समुद्र तापला, तेव्हा समुद्रातच लावलेल्या रोपवाटिकांतले प्रवाळ उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणावे लागले. शौकिनांनी शिकलेलं तेव्हा कामी आलं.

आपल्याही किनाऱ्यावर प्रवाळ आहेत. मालवणच्या सागरी अभयारण्यात आहेत. मुंबईत कोस्टल रोडसाठी 2020 मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरचे प्रवाळ दुसरीकडे हलवावे लागले, तेव्हा ते तिथे आहेत हेही अनेकांना कळलं. घरी टाकी बांधायची हौस असेल तर जरूर बांधा, पण प्रवाळ कुठून आला, कुणी वाढवला, त्याचे कागद काय, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि मालवणला बुडी मारायला गेलात तर मेलेला वाटणारा तुकडाही उचलू नका. भारतात रीफ बांधणाऱ्या सगळ्या कठीण प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे वाघाला आहे तेच संरक्षण आहे.