तोड्याच्या बंदुकीची किंमत

दोंडाईच्याच्या रावलांची गढी खानदेशात सर्वांना ठाऊक आहे. अशा गढ्या नांदत्या होत्या त्या काळी तापीकाठचे ओळखीचे हत्यार म्हणजे तोड्याची बंदूक. संग्राहक तिची किंमत बहुधा नक्षीकामावरून आणि सोन्याचांदीच्या जडावावरून करतात. आमच्या मते तिची खरी किंमत तिच्या लोखंडात आहे.

हिची रचना अगदी साधी. नळीच्या मागच्या टोकाला बारीक छिद्र असते, तो कान. कानाशेजारच्या खोलगट पाळीत रंजक, म्हणजे बारीक दारू घालायची. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी संथपणे जळत राहते, तोच तोडा. चाप ओढला की तोडा रंजकेवर टेकतो आणि आग कानातून आत शिरते.

युरोपातील सैन्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस गारेच्या बंदुकीकडे वळली. आपल्याकडे मात्र तोडा एकोणिसाव्या शतकातही टिकला. ‘आपले लोक मागासलेले’ हे त्याचे उत्तर फार आळशी आहे. अडचण गारेची नव्हती. दख्खनच्या काळ्या दगडात गार आणि अकीक हवे तितके सापडतात. अडचण होती कमानीची. गारेवर ठिणगी पाडायला जोरदार कमान लागते आणि तिला पोलादाला नेमके पाणी द्यावे लागते. तोड्याची साधी तरफ गावचा लोहारही दुरुस्त करू शकत असे.

शिवाय नळी उत्तम होती. चांगल्या कारागिराची नळी लोखंडाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून सांधलेली असे. ती लांब असल्याने मारा दूर जाई. वेग मात्र कमी. दोंडाईच्याच्या पूर्वेला, तापीच्या उत्तर काठावर थाळनेरचा किल्ला आहे. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी जनरल हिस्लॉपच्या फौजेवर तेथून अशाच बंदुकांचा मारा झाला. दरवाज्यात दोन इंग्रज अधिकारी पडले. मग आतील सुमारे ३०० माणसे कापली गेली आणि किल्लेदाराला फाशी दिले. या फाशीबद्दल हिस्लॉपवर पुढे बरीच टीका झाली.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याची सक्ती आली. उरलेल्या बंदुकांना आज गंजापेक्षा मोठा धोका आहे तो काचकागदाचा. पिळाच्या पट्ट्यांत कर्बाचे प्रमाण कमीअधिक असते. म्हणून सौम्य आम्लाने त्या वेगवेगळ्या रंगतात आणि नळीवर लहरी उमटतात. घासून चकचकीत केली की लहरी जातात, कारागिराचा ठसाही जातो. शोभा वाढते, पुरावा संपतो.

शिक्षकमित्रांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. १९५९ च्या कायद्यातील सूट केवळ जुनेपणाला नाही. दुरुस्त करूनही उडणार नाही अशाच जुन्या हत्याराला ती आहे. आणि नळीत कोरडी राहिलेली दारू शंभर वर्षांनीही पेट घेऊ शकते. तेव्हा विद्यार्थ्यांनी कोणाच्या वाड्यात अशी बंदूक पाहिली, तर तिला हात न लावता चित्र काढावे, लांबी अंदाजाने लिहावी आणि ती घरात कशी आली हे म्हाताऱ्या माणसांना विचारून टिपून ठेवावे.