गावकागदांवरील निशाण्या

मराठेशाहीतील राजपत्राच्या माथ्यावर शिक्का व अखेरीस मोर्तब उमटविले जाई. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द त्यातूनच रूढ झाला. शिवाजी महाराजांची अष्टकोनी संस्कृत मुद्रा रांझे गावच्या पाटलासंबंधीच्या इ. स. १६४६ च्या पत्रावर दिसते. अशी मुद्रा कोरणाऱ्यास अक्षरे धातूवर उलटी काढावी लागत. तेव्हा ती कागदावर सुलट उमटत.

गावच्या महजरावर मात्र कारागिराची मुद्रा नसे. तेथे पाटील नांगराची आकृती काढी, बलुतेदार आपापल्या हत्याराची. अक्षरशत्रूची सोय, एवढाच तिचा अर्थ घेणे मला अपुरे वाटते. पाटीलकीची वाटणी झाली म्हणजे कोणाचा नांगर वर आणि कोणाचा खाली, हेही ठरवून घ्यावे लागे. कारण वडीलकीचा मान त्या जागेत होता. म्हणजे आकृतीइतकेच तिचे स्थानही पुरावा ठरते.

छापील साधनग्रंथांत या आकृतीच्या जागी पुष्कळदा ‘निशाणी नांगर’ एवढेच शब्द उरतात आणि हाताची रेषा नाहीशी होते. भोकर परिसर १९४८ पर्यंत निजामी राज्यात होता. येथील जुन्या वतनी घरांतील कागद उतरून घेताना विद्यार्थ्यांनी मजकुराबरोबर निशाणीचीही, तिच्या जागेसह, हुबेहूब नक्कल करावी.