रोहिणखेड

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील ऐतिहासिक गाव व तेथील संरक्षित मशीद. बालाघाट संपून पायनघाटाचे सपाट रान सुरू होते, त्या घाटपायथ्याशी हे गाव आहे. दख्खनमधून बुऱ्हाणपूरकडे निघालेल्या फौजांना घाट उतरला की रोहिणखेड लागे. गावाचा इतिहास या वाटेनेच घडवला.

१४३७ च्या सुमारास खानदेशचा नसीरखान फारुकी वऱ्हाडात शिरला. निमित्त घरगुती होते. बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमद हा त्याचा जावई, आणि मुलीची हेळसांड होते ही सासऱ्याची तक्रार. सुलतानाचा सेनापती खलफ हसन बसरी याने त्याला रोहिणखेडला हरवले व थेट बुऱ्हाणपूरपर्यंत पाठलाग केला.

मशीद १५८२ मध्ये खुदावंतखान महदवी याने बांधली. वऱ्हाड तेव्हा निजामशाहीत होते. साखरखेर्ड्याची मशीदही त्याचीच. सय्यद मुहम्मद जौनपुरी (१४४३–१५०५) यांना महदी मानणाऱ्या पंथाचा तो अनुयायी होता. पुढे १५८९ मध्ये जमालखान या महदवी सरदाराने अल्पवयीन इस्माईलला अहमदनगरच्या गादीवर बसवले आणि पंथाला राजाश्रय दिला. हा डाव दोनच वर्षे टिकला. १५९१ मध्ये इस्माईलचा बाप बुऱ्हाण खानदेशच्या राजा अलीखानाची मदत घेऊन मुलावरच चालून आला. रोहिणखेडला जमालखान ठार झाला आणि महदवींचे वर्चस्व संपले. इतिहासग्रंथ रोहिणखेडची आठवण काढतात ती या लढायांपुरतीच. मशिदीच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते. हा न्याय उफराटा आहे, कारण त्या काळाचा डोळ्यांनी पाहता येणारा पुरावा मशीदच आहे.

मशीद भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली असून तिला १९५८ चा प्राचीन स्मारके कायदा लागू आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरांत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी घ्यावी लागते. निषिद्ध पट्ट्यातील जुन्या घराच्या डागडुजीलाही परवानगी लागते, तेव्हा लगतच्या रहिवाशांनी गवंडी बोलावण्याआधी अर्ज करावा.