त्वचा, मानवी

मानवी शरीराचे बाह्य आच्छादन असलेले व ओठ, नाकपुड्या इ. ठिकाणी श्लेष्मकलेशी (पोकळ इंद्रियांच्या ओलसर अस्तराशी) सलग असणारे इंद्रिय. प्रौढ व्यक्तीत तिचे क्षेत्रफळ सु. १.५ ते २ चौ. मी. असून बाह्यत्वचा व अंतस्त्वचा हे तिचे दोन मुख्य थर होत. त्यांच्याखाली वसायुक्त अधस्त्वचीय ऊतक असते.

बाह्यत्वचा : या थरात रक्तवाहिन्या नसल्यामुळे त्याचे पोषण अंतस्त्वचेतील केशवाहिन्यांतून होणाऱ्या विसरणावर अवलंबून असते. त्याच्या तळच्या स्तरात कोशिकांचे सतत विभाजन होते व नव्या कोशिका वर सरकताना केराटिन या चिवट प्रथिनाने भरून अखेरीस मृत होतात आणि पृष्ठभागावरून झडून जातात. याच स्तरातील रंजककोशिका मेलॅनीन हे रंगद्रव्य तयार करतात. निरनिराळ्या मानवसमूहांत या कोशिकांची संख्या जवळजवळ सारखीच असल्याने वर्णातील फरक प्रामुख्याने रंगद्रव्याचे प्रमाण व प्रकार यांमुळे पडतो.

अंतस्त्वचा : कोलॅजेन तंतूंमुळे तिला बळकटी, तर इलॅस्टिन तंतूंमुळे लवचिकता येते. रक्तवाहिन्या, तंत्रिकांची संवेदी टोके, केसांची मुळे, घर्मग्रंथी व तेलकट स्राव निर्माण करणाऱ्या स्नेहग्रंथी याच थरात सामावलेल्या असतात.

कार्ये : त्वचा जंतूंना अटकाव करते, शरीरातील पाणी टिकविते, स्पर्श, वेदना व तापमान यांची जाणीव करून देते आणि सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांच्या साहाय्याने ड जीवनसत्त्व बनविते. उष्ण हवेत त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात व घामाच्या बाष्पीभवनाने शरीर थंड होते, तर थंडीत त्या आकुंचन पावून उष्णता राखतात. विस्तृत भाजण्यात ही सर्व कार्ये एकदम खंडित होत असल्यामुळे द्रवनाश व जंतुसंसर्ग यांपासून जिवाला धोका संभवतो.