खरारा, कातर आणि पट्टा : श्वाननिगेचा शब्दपुरावा

घोड्याच्या अंगनिगेस मराठीत खरारा आहे. मेंढीच्या लोकरीस धनगराची कातर आहे. कुत्र्याच्या वाट्यास पट्टा आणि साखळी एवढेच येते. एवढ्यावरून आपल्याकडे कुत्र्याची निगा होतच नसे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

कारण केसांतच शोधावे लागते. घोरपडे संस्थानिकांमुळे ख्यात झालेला मुधोळचा कारवानी कुत्रा आखूड केसांचा. त्याच्या अंगावर विंचरण्याजोगे फारसे नाही. त्याचा लांब केसांचा भाऊबंद तो पश्मी; हे नाव फारसी ‘पश्म’, म्हणजे लोकर, यावरून आले. उरले गोचीड वेचणे. ते बोटांनी होई, आणि बोटांना उपकरणनाम लागत नाही. हातांनी केलेली कामे शब्दकोशांत सहसा उतरत नाहीत, हे शब्दांवरून इतिहास मांडणाऱ्याने विसरू नये.

घोड व कुकडी यांच्या खोऱ्यांतील पारगाव नावाच्या गावांभोवती उसात बिबट्या वसला आहे. जुन्नरलगतच्या अकोले तालुक्यातील, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच्या आहारात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. तेथे निगेचा पहिला अर्थ रात्री कुत्रा बंदिस्त जागी घेणे, हाच होय.

लांब केसांच्या विलायती जातींबरोबर फणी व ब्रश घरांत आले. अशा कुत्र्यास आंघोळीपूर्वी विंचरावे, कारण भिजलेला गुंता अधिक आवळतो. आखूड केसांस रबरी ब्रश पुरे. घोड्याचा लोखंडी खरारा वापरू नये. गोचिडीस मात्र बोटांपेक्षा चिमटा बरा : कातडीलगत धरून ती सरळ ओढावी.