बटाट्याचे डोळे आणि मोगलीचं बूमरँग



तुमच्या घरातल्या खेळण्यांच्या खोक्यात कदाचित मिस्टर पोटॅटो हेड असेल. प्लॅस्टिकचा बटाटा, त्याला खोचायचे डोळे, नाक, मिशा. १९५२ साली अमेरिकेत हे खेळणं विकायला आलं तेव्हा खोक्यात बटाटाच नव्हता. नुसते टोकदार अवयव. बटाटा स्वयंपाकघरातून आणायचा. नसला तर दुसरी एखादी भाजी. रोज चेहरा वेगळा, कारण रोज बटाटा वेगळा. प्लॅस्टिकचा बटाटा आला १९६४ मध्ये.

टीव्हीवर जाहिरात झालेलं हे पहिलं खेळणं मानतात. तोवर खेळण्यांच्या जाहिराती मुख्यतः नाताळच्या तोंडावर आणि आईवडिलांसाठी असत. १९५५ मध्ये मॅटेल कंपनीने 'मिकी माउस क्लब' या कार्यक्रमात वर्षभराच्या जाहिराती घेतल्या, आणि कंपन्या थेट मुलांशी बोलू लागल्या.

पुढची पायरी जास्त महत्त्वाची. १९६९ मध्ये 'हॉट व्हील्स' गाड्यांवर कार्टून आलं, तेव्हा ही अर्ध्या तासाची जाहिरातच आहे अशी तक्रार झाली आणि सरकारच्या दळणवळण आयोगाने तिची दखल घेतली. ऐंशीच्या दशकात वारं फिरलं. ही-मॅनचं खेळणं १९८२ चं, कार्टून १९८३ चं. म्हणजे आधी बाहुला, मग त्याची गोष्ट. १९८४ मध्ये आयोगाने मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींवरची मर्यादाच काढून टाकली. त्याच वर्षी ट्रान्सफॉर्मर्स आले. मूळ जपानी खेळण्यांत आत छोटा माणूस बसून यंत्र चालवायचा. अमेरिकेत तो माणूस गेला, यंत्रच जिवंत झालं, आणि प्रत्येकाला नाव, स्वभाव आणि वैरी मिळाला.

यामुळे मुलं मठ्ठ झाली असं मला वाटत नाही. पन्नास पात्रांची नाती डोक्यात ठेवणं सोपं नसतं. अडचण होते ती आजीची. भारतातून आलेली आजी खेळायला बसते, हातातल्या रोबोला बोलतं करते, आणि नातू म्हणतो, "आजी, तो असा बोलत नाही. तो वाईट आहे." तो भाग आजीने पाहिलेला नसतो.

मग आपल्याकडे सगळं मोकळं होतं का? तसंही नाही. दिवाळीच्या किल्ल्याची गोष्ट तर ठरलेलीच: वर सिंहासनावर महाराज, खाली मावळे. पण किल्ला विकत मिळत नसे. दगड, विटा, गोणपाट, चिखल, वर पेरलेले अळीव. शेजारच्या किल्ल्यासारखा दुसरा किल्ला नसे, आणि मावळ्यापेक्षा थोराड प्लॅस्टिकचा वाघ कुणालाच खटकत नसे.

आणि टीव्हीलाही सरसकट दोष देता येत नाही. आज चाळिशीत असलेल्या आईबाबांना १९९३ ची रविवार सकाळ आठवेल. दूरदर्शनवर 'जंगल बुक', इंग्रज लेखकाची गोष्ट, जपानमध्ये बनलेलं कार्टून, हिंदी संवाद, आणि शेरखानला आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. बहुतेक घरांत मोगलीचा बाहुला नव्हता. त्याचं बूमरँग पुठ्ठ्याचं कापून घ्यायचं. ते परत येत नसे. फेकणाराच आणायला धावायचा. गोष्ट पडद्यावरची होती, खेळणं मात्र घरी बनत होतं. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात दोन्ही एकाच कंपनीकडून येऊ लागलं. फरक पडला तो इथे.

१९९० मध्ये अमेरिकेत कायदा झाला: मुलांच्या कार्यक्रमांत तासाला जाहिराती शनिवार-रविवारी साडेदहा मिनिटं, इतर दिवशी बारा मिनिटं, त्याहून जास्त नाहीत. खेळण्यांवरची कार्टून मात्र चालूच राहिली. आणि ती मिनिटं टीव्हीसाठी मोजलेली. हल्ली टॅब्लेटवर पोरं जे बघतात, खोकं उघडून खेळणं दाखवणाऱ्या मुलांचे व्हिडिओ वगैरे, तिथे हे घड्याळ लागूच नाही.

येत्या दिवाळीत बॅकयार्डमध्ये किल्ला केलात आणि दरवाज्यावर पहारेकरी म्हणून ऑप्टिमस प्राइम उभा दिसला, तर त्याला काढू नका. गडावर रात्री पहारा कसा द्यायचा, हे त्याच्या कुठल्याच भागात दाखवलेलं नाही. ते नातवाला आजीलाच विचारावं लागेल.