खगोलशास्त्रात करिअर : पालकांच्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे



आपल्या क्युपर्टिनोत मुलाने कॉम्प्युटर सायन्स घेतो म्हटले की घरात कुणी फारसे काही विचारत नाही. मुलीने "मला अ‍ॅस्ट्रॉनॉमर व्हायचंय" म्हटले, की मात्र लगेच विचारणा होते, "पण पुढे नोकरीचं काय?" प्रश्न रास्त आहे. म्हणून ही माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

शिक्षण किती वर्षे?

भौतिकशास्त्र किंवा खगोलशास्त्राची चार वर्षांची पदवी, मग पाच-सहा वर्षे पीएच. डी. या विषयात पीएच. डी.ला सहसा फी भरावी लागत नाही. शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल विद्यावेतन मिळते. त्यानंतर दोन-तीन वर्षांची एक, बहुधा दोन पोस्टडॉक. कायमची जागा मिळेपर्यंत वय पस्तिशीकडे झुकते आणि तोवर दोन-तीन गावे बदललेली असतात. लग्न, घर, जोडीदाराची नोकरी हे सगळे याच काळात येते. पगारापेक्षा याचा विचार आधी करावा, असे आम्हाला वाटते.

पगार आणि जागा

अमेरिकी कामगार खात्याच्या आकडेवारीनुसार मे २०२४ मध्ये खगोलशास्त्रज्ञांचा मध्यम वार्षिक पगार १,३२,१७० डॉलर होता, म्हणजे निम्म्यांना याहून जास्त आणि निम्म्यांना कमी. पगार वाईट नाही. अडचण जागांची आहे. या नावाच्या नोकऱ्या देशभरात सुमारे दोन हजारच आहेत (विद्यापीठांतील प्राध्यापकांची गणना वेगळी होते). शिवाय बहुतेक पैसा सरकारी असतो. २०२५ मध्ये निधीच्या अनिश्चिततेमुळे काही विद्यापीठांनी पीएच. डी.चे प्रवेश कमी केले.

नागरिकत्वाचा मुद्दा

नासाच्या थेट सरकारी नोकऱ्यांना साधारणपणे अमेरिकी नागरिकत्व लागते. नॅशनल सायन्स फाउंडेशनची पदवीधर फेलोशिप आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचे उन्हाळी संशोधन कार्यक्रम नागरिक व ग्रीनकार्डधारकांसाठी आहेत. व्हिसावर असलेल्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

कोणती कौशल्ये लागतात?

दुर्बिणीला डोळा लावून रात्र काढण्याचे दिवस गेले. आता गणित, संख्याशास्त्र आणि पायथनमधील प्रोग्रॅमिंग हवे. चांगले लिहिताही आले पाहिजे, कारण दुर्बिणीचा वेळ अर्ज करून मिळवावा लागतो. जेम्स वेब दुर्बिणीच्या चौथ्या फेरीसाठी २,३७७ अर्ज आले आणि उपलब्ध वेळेच्या सुमारे नऊपट मागणी झाली. नकार पचवणे हेही एक कौशल्यच!

हीच तयारी आपल्या व्हॅलीत डेटा सायन्स, मशीन लर्निंग, ऑप्टिक्स अशा कामांना उपयोगी पडते. त्यामुळे पीएच. डी.नंतर क्षेत्र बदलले म्हणजे शिक्षण वाया गेले, असे मुळीच समजू नये.

आपली माणसे

कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) केंब्रिजहून भारतात परतले आणि १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या आयुकाचे पहिले संचालक झाले. कुरुंदवाडला जन्मलेले डॉ. श्रीनिवास कुलकर्णी आपल्या जवळच्याच बर्कलीत शिकले. तेथे विद्यार्थी असतानाच, १९८२ मध्ये, पहिल्या मिलिसेकंद पल्सारच्या शोधात त्यांचा सहभाग होता. पुढे ते कॅलटेकमध्ये प्राध्यापक झाले आणि २०२४ मध्ये त्यांना शॉ पुरस्कार मिळाला. भारतात जाऊन काम करायचे तर नारायणगावजवळ खोडदला ३० अँटेनांची जीएमआरटी आहे.

सुरुवात कुठे करावी?

आपल्या गावातच डी अँझा कॉलेजचे तारांगण आहे. सॅन होजेच्या पूर्वेला माउंट हॅमिल्टनवर लिक वेधशाळा आहे. तिथली ३६ इंची दुर्बीण १८८८ पासूनची. माउंटन व्ह्यूजवळ नासाचे एम्स केंद्र आहे. केप्लर मोहिमेचे वैज्ञानिक नेतृत्व तिथलेच. चिलीतील रुबिन वेधशाळेचा ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा मेन्लो पार्कच्या स्लॅकमध्ये बांधला गेला.

आमची सूचना एवढीच : मुलांना आधी एक उन्हाळा खऱ्या संशोधनाचे काम करू द्या. दिवसभर संगणकासमोर आकडे तपासूनही गोडी टिकली, तर "नोकरीचं काय?" हा प्रश्न विचारा, पण त्या प्रश्नाने वाट अडवू नका.